पटपडताळणी

तुमच्या फोनमध्ये किती फोटो आहेत, हे तुम्ही लगेच सांगू शकाल. गॅलरी उघडली की आकडा समोर असतो. कुणाचे चार हजार, कुणाचे तीस हजार. पण त्यातले किती फोटो काढले तेव्हा होते तसेच आजही आहेत, असं विचारलं तर? आणि मागच्या तीन वर्षांत त्यातला एखादा नाहीसा झाला असेल, तर तो गेला हे कशावरून कळणार? जे आहे ते स्क्रोल करताना दिसतं. जे नाही ते दिसत नाही.

हा प्रश्न मला नोकरीमुळे पडतो. मी एका कंपनीत सर्व्हरची देखरेख करते. रात्री दोन वाजता एक प्रोग्रॅम उठतो, हजारो फायली तपासतो आणि सकाळी मला तीन याद्या देतो : काय बदललं, काय गेलं, काय नवीन आलं. बहुतेक दिवशी तिन्ही रिकाम्या असतात. हिला रिकामी यादी बघायचा पगार मिळतो, असं घरचे म्हणतात.

ही पद्धत जुनी आहे. युनिक्सच्या बीएसडी घराण्यात १९९० साली ‘एमट्री’ नावाची एक आज्ञा आली. एखादं फोल्डर, त्याच्या पोटातली फोल्डरं, त्यांच्यातल्या फायली, या सगळ्यांचं वर्णन ती एका यादीत उतरवून घ्यायची आणि पुढे कधीतरी ती यादी हातात धरून प्रत्यक्षाशी ताडून बघायची. १९९२ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जीन किम आणि जीन स्पॅफर्ड यांनी ‘ट्रिपवायर’ लिहिलं. कुणी घुसखोर सिस्टिममध्ये शिरून एखादी फाइल गुपचूप बदलून गेला, तर ते कळावं म्हणून. अशा यादीला मॅनिफेस्ट म्हणतात. शब्द मूळचा जहाजावरच्या मालाच्या यादीचा. आपल्याकडे ट्रकवाल्याजवळ बिल्टी असते, त्यातलाच प्रकार. लग्नाला निघालेली मंडळी एसटीतून उतरताना ‘चौदा नग होते, तेराच कसे?’ म्हणून सीटखाली वाकून बघतात, तेही हेच.

एवढं मला नोकरीतून माहीत होतं. मॅनिफेस्ट नेमकं काय सांगू शकतं आणि काय सांगू शकत नाही, ते मात्र मला मामानं शिकवलं. त्याला आजही लॅपटॉप नीट बंद करता येत नाही.

मामा माण तालुक्यात प्राथमिक शिक्षक होता. १९८६ ते १९९४ या काळात त्यानं एका टेपरेकॉर्डरवर कानावर पडेल ते भरून ठेवलं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, पंचमीची गाणी, भारुडं, दुष्काळाच्या गोष्टी. मध्येच कोंबडं आरवतं, मध्येच मुक्कामी एसटीचा हॉर्न वाजतो. आजी २००९ साली गेली. २०१६ साली आम्ही भावंडांनी वर्गणी काढली आणि घरात होत्या त्या सगळ्या कॅसेट पुण्यातल्या एका स्टुडिओतून संगणकावर उतरवून घेतल्या. कॅसेट ४३, बाजू ८६, फायली ८६. आवाज न दाबता ठेवायचा म्हटलं, की अर्ध्या तासाची एक बाजू साधारण ३१८ एमबी होते. सगळं मिळून सत्तावीस जीबी. तीन डिस्क केल्या : एक मामाकडे साताऱ्याला, एक माझ्याकडे पुण्यात, एक मावसभावाकडे जर्मनीत.

डिस्क हातात आल्या त्याच संध्याकाळी मी यादी करायला बसले. मामा शेजारी खुर्ची ओढून बसला. स्क्रीनवर एकेक ओळ उमटत होती. आधी चौसष्ट अक्षरांची एक अगम्य रांग, तिच्यापुढे फाइलचं नाव.

“हे काय गं? कुणी लिहिलं?”

“कुणी नाही. प्रत्येक फाइलचा ठसा आहे तो.”

मग त्याला समजावलं. एक गणिती रीत असते, तिला हॅश म्हणतात. आम्ही वापरली तिचं नाव एसएचए-२५६. अमेरिकेच्या मानक संस्थेनं ती २००२ साली प्रमाणित केली. फाइल एका ओळीची असो की तीन तासांच्या सिनेमाची, ही रीत ती पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत वाचते आणि तिचा चौसष्ट अक्षरांचा ठसा काढते. तीच फाइल पुन्हा दिली तर तोच ठसा, जगात कुठल्याही मशीनवर. फायलीतला एकच बिट बदलला, शून्याचा एक झाला, तरी ठसा ओळखू न येण्याइतका वेगळा. ठशावरून फाइल परत बनवता येत नाही. शक्य ठशांची संख्या अठ्ठ्याहत्तर आकडी आहे, त्यामुळे दोन वेगळ्या फायलींचा ठसा योगायोगानं एक निघेल ही भीती बाळगायचं कारण नाही.

मामानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे हजेरीपट.”

मला वाटलं, साधं करून सांगतोय. पण त्याला नेमकं समजलं होतं. पट घेऊन वर्गात गेलं की तीन गोष्टी निघतात, तो म्हणाला. नाव आहे आणि पोरगं नाही. पोरगं आहे आणि नाव नाही. आणि तिसरी, नावाला हाक मारल्यावर ‘हजर’ भलत्यानंच म्हटलं. तिसरी ओळखायची तर मास्तरला पोराचं तोंड ठाऊक पाहिजे. तुझा ठसा म्हणजे ते तोंड.

महाराष्ट्रात २०११च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर सगळ्या शाळांची एकाच वेळी पटपडताळणी झाली होती. कागदावर लाखो मुलं जास्तीची निघाली. मामा तेव्हा नोकरीत होता. यादीवर नुसता विश्वास ठेवला की काय होतं आणि यादी घेऊन प्रत्यक्ष मोजायला गेलं की काय होतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. दर नागपंचमीला आपल्या कॅसेटची पटपडताळणी करायची, हे त्यानंच ठरवलं. आजीची सर्वात जास्त गाणी पंचमीची आहेत म्हणून.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? फाइल कॉपी केली, कॉपी झाली, संपलं. मशीन काय चूक करणार?

मशीन चुकतं आणि सांगत नाही, हा यातला अवघड भाग. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेनं २००७ साली स्वतःच्याच साठ्याची तपासणी केली. ३३,७०० फायली त्यांच्या आधी काढलेल्या ठशांशी ताडून बघितल्या. २२ जुळल्या नाहीत. म्हणजे साधारण दीड हजारांत एक. डिस्क बिघडली, असा संदेश आला नव्हता. फाइल उघडत होती. आतलं काहीतरी बदललं होतं, इतकंच. कधी डिस्कमुळे, कधी मेमरीमुळे, कधी मधल्या एखाद्या चिपच्या आतल्या प्रोग्रॅममुळे. याला मुकी खराबी म्हणता येईल. झेडएफएससारख्या काही फाइल व्यवस्था प्रत्येक तुकड्याचा ठसा स्वतःच ठेवतात आणि वाचताना ताडून बघतात. पण ॲपलची एपीएफएस किंवा लिनक्सवर सगळीकडे चालणारी ईएक्सटी४ स्वतःच्या हिशेबाच्या नोंदींचा ठसा ठेवतात, तुमच्या फोटोच्या आतल्या मजकुराचा ठेवत नाहीत. आणि बॅकअप? बॅकअप आज्ञाधारक असतो. तो बिघडलेली फाइलही तितक्याच इमानदारीनं, जुन्या चांगल्या फायलीच्या जागी नेऊन ठेवतो.

म्हणून वेळ महत्त्वाची. एक प्रत बिघडली हे दुसरी चांगली प्रत शिल्लक असतानाच कळलं पाहिजे. नंतर कळलेलं नुसतं दुःख असतं.

पाच वर्षं आमची पडताळणी शांतपणे झाली. ८६ पैकी ८६ हजर. २०२१च्या पंचमीला मात्र दोन ठिकाणी घोळ निघाला.

पहिला जर्मनीतून. मावसभावानं तिकडे आपल्या डिस्कची यादी काढली आणि मेलनं पाठवली. मी ती मूळ यादीशेजारी ठेवून ताडली. प्रोग्रॅम म्हणाला : एक फाइल गैरहजर, एक फाइल जास्तीची. दोन्हींचं नाव एकच! ‘कऱ्हाडच्या आजी’. डोळ्यांना दोन्ही नावं सारखी. ठसे बघितले, तर तेही सारखे. म्हणजे गाणं शाबूत होतं, गडबड नावात होती. ‘कऱ्हाड’मधला तो अर्धा र संगणकावर एकाहून जास्त प्रकारे लिहिता येतो. नुक्त्यासकटचा ऱ हे एकच चिन्ह, किंवा साधा र आणि त्यापुढे वेगळा नुक्ता. साधा र, पायमोडका हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह, असाही तिसरा मार्ग आहे. वाचणाऱ्याला तिन्हीकडे ‘कऱ्हाड’च दिसतं. यंत्राला ती तीन वेगळी नावं. मावसभावाची डिस्क मॅकच्या जुन्या पद्धतीनं तयार केलेली होती आणि ती पद्धत नावातली अशी जोडचिन्हं आपणहून फोडून ठेवते. इंग्रजी नाव असतं तर हे झालंच नसतं. मामाला सांगितलं तर तो खूश झाला. “ऱ्ह लिहायला पोरांना शिकवता शिकवता माझी हयात गेली. तुमच्या मशीनलाबी येत नाही म्हण की.”

दुसरा घोळ मामाच्याच डिस्कवर होता आणि तो नावाचा नव्हता. एकोणिसावी कॅसेट, दुसरी बाजू. नाव बरोबर, आकार शेवटच्या बाइटपर्यंत बरोबर, तारीख २०१६चीच. लावली तर वाजतही होती. ठसा मात्र वेगळा. माझ्याकडची प्रत शेजारी घेऊन दोन्ही बाइटला बाइट लावून बघितल्या. मधोमध सुमारे एक लाख एकतीस हजार बाइटांचा एक सलग तुकडा निराळा होता. अख्ख्या फायलीत तो शोधूनही सापडणार नाही इतका लहान. आवाजाच्या हिशेबात पाऊण सेकंद.

सतरावं मिनिट होतं. आजी बहात्तरच्या दुष्काळाचं सांगते आहे. सुकडी, मिलोची लाल भाकरी, खडी फोडायचं काम. माझ्या जोडीला कामावर कोण होती, ते सांगते, आणि तिथं मामाच्या डिस्कवर नुसती ‘खर्र’. पुढे आजी बोलायला लागते ती त्या बाईच्या तान्ह्या पोरीबद्दल, जी त्या उन्हाळ्यात गेली.

पाऊण सेकंदात एक नाव मावतं.

माझ्या आणि जर्मनीतल्या प्रतीत ते नाव शाबूत होतं, दोन्हींचे ठसे यादीशी जुळत होते. चांगली प्रत मामाच्या डिस्कवर चढवली, पुन्हा ठसा काढला, जुळला. दहा मिनिटांचं काम. पण यादी नसती तर? मामाच्या डिस्कवरची फाइल वाजत होती. ती ऐकणाऱ्या कुणालाही वाटलं असतं, जुनी कॅसेट आहे, तिथं टेप खराब असणार. ज्या बाईचं नाव कुठल्या मस्टरवरही आता सापडायचं नाही, ते आजीनं घेतलेलं नाव आम्ही टेपच्या माथी मारून मोकळे झालो असतो. पुढच्या वेळी त्याच डिस्कवरून नवीन प्रती काढल्या असत्या आणि तेच खर्र तिन्ही घरांत गेलं असतं.

यादी किती भरवशाची, हा पुढचा प्रश्न. ती त्याच डिस्कवर असेल, तर डिस्कबरोबर तीही बिघडू शकते. आणि कुणाला मुद्दाम फेरफार करायचा असेल, तर तो फाइल बदलून यादीतला ठसाही बदलून ठेवेल. अमेरिकेतली लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी यांनी यासाठी ‘बॅगइट’ नावाची एक साधी रचना बसवली. २०१८ साली ती इंटरनेटच्या दस्तऐवजांमध्ये रीतसर प्रसिद्ध झाली. एका पिशवीसारख्या फोल्डरमध्ये सगळा माल एकीकडे, त्याची ठशांची यादी शेजारी, आणि हवी तर त्या यादीचाही ठसा आणखी एका यादीत. सगळं साध्या मजकुरात, म्हणजे पन्नास वर्षांनी कुठलाही प्रोग्रॅम नसला तरी माणसाला वाचता यावं. आम्ही तेच केलं. मॅनिफेस्टचा एक ठसा काढला. २७ जीबीचा सगळा भरवसा चौसष्ट अक्षरांत आला. मामानं ती चौसष्ट अक्षरं चार-चारचे सोळा गट पाडून एका कागदावर शाईनं लिहिली, मामीकडून मोठ्यानं वाचून घेऊन तपासली आणि कागद देव्हाऱ्याच्या खणात ठेवला.

ठसा काढायची रीतही वयानुसार बदलावी लागते. आधी एमडी५ सर्रास वापरली जायची. २००४ साली चिनी गणितज्ञ वांग श्याओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या फायली बनवून दाखवल्या. २०१७ साली एसएचए-१ची तीच गत झाली. आपोआप होणारी खराबी पकडायला या जुन्या रीती अजूनही चालतात. लबाडी पकडायला चालत नाहीत. हा फरक आता आपल्या कोर्टापर्यंत पोचला आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात मोबाइलमधला, संगणकातला पुरावा सादर करताना जे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात हॅश आणि तो कुठल्या रीतीनं काढला हे लिहायची जागा आहे. पंचनाम्याच्या दिवशी फोनमध्ये जे होतं तेच आज कोर्टासमोर आहे का, हे विचारायचं ते साधन. उद्या कुणाच्या तरी सुटकेचा किंवा शिक्षेचा प्रश्न त्या चौसष्ट अक्षरांवर येऊन थांबू शकतो.

मात्र ठसा ‘तेच आहे का’ एवढंच सांगतो. ‘चांगलं आहे का’ हे त्याला विचारून उपयोग नाही. २०२३ साली आमच्या घरात त्यावरून वाद झाला.

मामेभावानं आवाज स्वच्छ करणारं एक ॲप आणलं आणि आजीची एक बाजू त्यातून काढली. घरच्या ग्रुपवर टाकली. सगळे हरखले. आजी जशी शेजारच्या खोलीत बसून गाते आहे. कोंबडं गेलं, हॉर्न गेला, टेपची सूं सूं गेली. मावशीनं रडतानाचा व्हॉइस मेसेज पाठवला. मामेभाऊ म्हणाला, आता सगळ्या ८६ अशा करू आणि जुन्या काढून टाकू, दोन दोन कशाला सांभाळायच्या? मी म्हटलं, पंचमीला सगळ्यांचे ठसे चुकतील. तो म्हणाला, “मग नवे ठसे काढ ना ताई. यादी आपल्यासाठी आहे का आपण यादीसाठी?”

प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे तांत्रिक उत्तर नव्हतं. मामानं ती फाइल कानाला फोन लावून ऐकली. शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, “जातं कुठं गेलं रं?”

ॲपनं जात्याची घरघर गोंगाट समजून पुसली होती. ओवी राहिली होती, पण ती ज्याच्या लयीवर चालायची ते गेलं होतं. आजी ओळीच्या मध्ये थांबते तेव्हा ती विसरलेली नसते, जात्यात वैरण टाकत असते. स्वच्छ फायलीत तिथं नुसती शांतता होती.

शेवटी दोन्ही राहिल्या. मूळ ८६ त्यांच्या जागी, त्यांच्या २०१६च्या यादीसह. स्वच्छ केलेल्या निराळ्या फोल्डरमध्ये, निराळ्या यादीसह, कुणी केल्या आणि कशातून काढून केल्या याची नोंद करून. मावशी अजून स्वच्छच ऐकते. तिला ती आवडते, यात गैर काही नाही. फक्त मूळ कुठली हे उद्याच्या माणसाला कळलं पाहिजे. तुम्ही व्हॉट्सॲपवरून फोटो नेहमीसारखा पाठवता, तेव्हा समोरच्याला मिळते ती दाबून लहान केलेली दुसरीच फाइल. दिसायला तीच, ठसा वेगळा. मग मूळ फोन जातो आणि सगळ्या घरात उरतात त्या पुढे पाठवलेल्या प्रती. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो, एवढं साधं पथ्य पाळलं तरी पुष्कळ.

मूळ काय आणि मागून आलेलं काय, ही काळजी आपल्याकडे नवी नाही. ऋग्वेदाच्या १०२८ सूक्तांची अनुक्रमणी कात्यायनाच्या नावावर आहे. तिच्यात प्रत्येक सूक्ताचे सुरुवातीचे शब्द, ऋचा किती, ऋषी कोण, देवता कोण, छंद कुठला, याची नोंद आहे. ती एक मॅनिफेस्टच. पोथ्या नकलणारे लेखक शेवटी ग्रंथसंख्या लिहीत. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून एकूण किती झाले ते. त्यावर त्यांची मजुरी ठरे आणि पोथीत कमीजास्त झालं तर तेही उघडं पडे. ज्ञानेश्वरीत तीनशे वर्षांत इतके पाठभेद साचले, की शके १५०६ म्हणजे १५८४ साली एकनाथांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली, आणि पुढे कुणी आपली ओवी त्यात घालू नये म्हणून शेवटी बजावावंही लागलं. भर घालणारे बहुतेक प्रेमानंच घालत असणार. माझ्या मामेभावासारखेच.

इथवर माझी समजूत अशी होती, की आमची यादी पक्की आहे. ८६ फायली, तीन घरं, देव्हाऱ्यातला कागद. दर पंचमीला सगळे हजर.

२०२४ साली मामाचं गावातलं घर उतरवलं. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत शाळेच्या जुन्या कागदांखाली एक दोनशे पानी वही निघाली. ती कधी हरवली हे मामालाही आठवत नव्हतं. कॅसेट भरताना तो तिच्यात नोंद करत असे : तारीख, कोण गायलं, पहिल्या आणि शेवटच्या गाण्याचे सुरुवातीचे शब्द. हा मास्तर कात्यायनाच्याच वाटेनं गेला होता. मी वही घेऊन फायलींशी एकेक नोंद लावत गेले. फायली होत्या ४३ कॅसेटच्या. वहीत नोंदी होत्या ४४.

एकतिसावी नोंद. १९८९ची पंचमी. थोरली मावशी.

थोरली मावशी १९९३ साली गेली. बाळंतपणात. मी तिला पाहिलेलं नाही. घरात तिचे दोन फोटो आहेत. बाकीच्या ४३ कॅसेटमध्ये तिचा आवाज नाही, असलाच तर कोरसमध्ये कुठेतरी मिसळलेला. तिच्या एकटीच्या आवाजाची एक अख्खी कॅसेट होती, हे मामा सोडून कुणाला माहीत नव्हतं, आणि मामाही विसरला होता.

आठ वर्षं आमची प्रत्येक पडताळणी ‘सर्व हजर’ म्हणत होती आणि ते खरंच होतं. कॅसेटवर नंबर नव्हते. स्टुडिओत ज्या पुढ्यात आल्या त्यांना १ ते ४३ नंबर पडले, त्यामुळे क्रमात कुठं खाच पडली नाही. यादी त्या फायलींवरून बनली. जे फोल्डरमध्ये आलंच नाही, ते यादीत येणार कुठून? आणि जे यादीत नाही, त्याची गैरहजेरी कुणी मांडायची?

हे मी मामाला फोनवर म्हटलं. तो बराच वेळ गप्प होता. मग मास्तरच्या आवाजात म्हणाला, “पट शाळेत बसून करायचा नसतो. घरोघर फिरून करायचा असतो. आम्ही उन्हाळ्यात तेच करायचो. वर्गात आलेली पोरं मोजून काय कळतं? न आलेली मोजायची असत्यात.”

मग आम्ही घरोघर फिरलो. शब्दशः. मामा, मी, मामेभाऊ. माण, खटाव, कऱ्हाड, एक फेरी सोलापूरकडे मावशीच्या सासरी. कॅसेट कुणी नेली असेल, कुणी तिच्यावर सिनेमाची गाणी भरली असतील, कुणी टेप ओढून शेतात पाखरं हुसकायला बांधली असेल. सगळ्या शक्यता ऐकल्या. एकतिसावी मिळाली नाही.

पण एका घरात, चहा झाल्यावर, ऐंशीच्या पुढची एक आजी म्हणाली, “मास्तर, तुमी सगळ्यांचं भरून नेलं. माझं न्हाई भरलं कधी.” मामा ओशाळला. तिचं घर वस्तीच्या पलीकडच्या टोकाला होतं आणि टेपरेकॉर्डर तिथवर कधी गेलाच नव्हता. ती ना फायलींच्या यादीत होती, ना वहीत. मामेभावानं फोन मांडीवर ठेवला, विमान मोडवर टाकला म्हणजे मध्येच रिंग वाजू नये. ती एक तास बारा मिनिटं गायली आणि बोलली. बाहेर पंप चालू होता. तो कुणी बंद केला नाही.

त्या रात्रीच ती फाइल तिन्ही डिस्कवर गेली आणि यादीत सत्त्याऐंशीवी ओळ आली. तुमच्या घरातही असं काही असेल. व्हॉइस मेसेज, एखाद्या लग्नाचं शूटिंग, शाळेतल्या कवितांची वही. ठसा काढायची सोय विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर आधीपासूनच असते. फोनसाठी फुकट ॲप मिळतात. यादी साध्या मजकुरात ठेवा, मालापासून वेगळी ठेवा आणि वर्षातून एकदा ताडून बघा. पण त्याआधी घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाजवळ कागद घेऊन बसा आणि काय काय असायला हवं ते विचारून घ्या. ती यादी कुठलाही प्रोग्रॅम काढून देत नाही.

आमच्या आता दोन याद्या आहेत. एक ठशांची, ८७ ओळींची. दुसरी मामाच्या वहीवरून टाइप केलेली, तीत कुठली नोंद कुठल्या फाइलमध्ये आहे ते समोर लिहिलं आहे. एकतिसाव्या नोंदीसमोर मी मोकळी जागा सोडली होती. या पंचमीला मामानं ती बघितली आणि तिथं ‘गैरहजर’ लिहायला लावलं. ती ओळ काढून टाकू का, असं मामेभावानं विचारलं, तेव्हा मामा चष्मा पुसत होता.

“गैरहजर पोराचं नाव पटावरून कमी करायचं नसतं,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी परत पुकारायचं.”